राणीचं घमेलं

निघोज्याहून भोसरीला निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारा आणि त्याची थोरली बहीण बसली होती. त्याच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेलं घमेलं होतं.

“एकबी डुक्कर ठिवलं न्हाई का रं, खंडू?”

“न्हाई आक्का. आजारी दोनच हुती. पन डॉक्टर म्हनले, ह्या तापावर औषध न्हाई, समदीच मारावी लागत्यात. सुई टोचली, खड्ड्यात घातली, वर चुना टाकला.”

“आन् राणी?”

“धडधाकट हुती. मी हाक मारली तशी पळत आली. मीच धरून ठिवली, दुसऱ्याला हात लावू देईना.”

“माणसाला तर हुत न्हाई म्हनं ह्यो रोग.”

“माणसाला न्हाई हुत.”

“मग आता माझ्याकडं दिघीलाच ऱ्हा. माझी चार हायेत, ती तुझीच समज.”

“रोग भांड्यालाबी चिकटून ऱ्हातो म्हनले. दोऱ्या, बादल्या, समदं खड्ड्यात टाकाया लावलं. एवढं घमेलं तेवढं मी गवतात लपवलं. राणी ह्यातच खायाची.”

“धुतलं न्हाईस व्हय? कडंला भात वाळलाय.”

“धुवाया हात हुईना, आक्का. तिचं तोंड लागलंय त्याला.”

“असू दे, रडू नगंस. माझ्या चारातली काळी डुकरीण गाभण हाय. घरी गेलं की तिला ह्यातच घालू.”

“दुसरीच्या घमेल्यात खाईल का ती?”

“सकाळपास्नं उपाशी हाय. चाटूनपुसून खाईल.”