मिस्त्री म्हणाले, आवाज नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे गॅरेज संघटनेचे पदाधिकारी, आजच्या पाहुण्या नर्सबाई, मागे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे कारागीर (अरे, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या की) आणि जमलेल्या माझ्या भावाबहिणींनो, तुम्हा सगळ्यांना हात जोडून नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. भाषण लिहून आणलंय, पण माझं अक्षर माझं मलाच लागत नाही, तेव्हा अडखळले तर चालवून घ्या. अध्यक्षसाहेबांनी आत्ता सांगितलं, की मिस्त्रींनी बेचाळीस वर्षांत हजारो गाड्या बऱ्या केल्या, नुसता आवाज ऐकून रोग ओळखला. खरंच आहे ते. पण मी त्यांची बायको आहे. मी तुमच्यासारखं नुसतं चांगलंच बोलले, तर विश्वास कोण ठेवणार?

तर गोष्ट मागच्या वर्षीची. या नर्सबाई घरोघरी जाऊन पेशंट बघतात. सगळा दिवस गाडीत. त्यांची गाडी ॲक्सिलरेटर दाबला की रडायची. डासाला नरडं फुटावं तसा बारीक आवाज, आणि जसजसा पाय दाबाल तसतसा वर चढणारा. बाई गाडी घेऊन आल्या. आमच्या ह्यांनी एक फेरी मारली, खाली उतरले आणि म्हणाले, आवाज नाही.

आठ दिवसांनी बाई परत आल्या. पुन्हा फेरी, पुन्हा तेच. बिचाऱ्या बाईंनी गॅरेजातल्या तिघा कारागिरांना एकेक करून विचारलं, आमच्या नातीलाही विचारलं. ती तिथेच काम करते, सगळे तिला ठिणगी म्हणतात, वेल्डिंग करताना नाही, बोलताना उडते म्हणून. चौघांनीही माना हलवल्या. नाही बाई, आवाज नाही. तिसऱ्या वेळी बाई आल्या तेव्हा मी डबा द्यायला गेले होते. त्या मला म्हणाल्या, आजी, तुम्ही तरी बसा गाडीत, का माझ्याच डोक्यात वाजतंय ते कळू दे.

ठिणगी चालवायला, बाई तिच्या शेजारी, मी मागे. कोपऱ्यावरून वळून जरा रस्ता मोकळा मिळाला आणि ठिणगीने पाय दाबला. आता मला गाडीतलं काय कळतं? मला एवढंच कळतं की डबा ठेवायला जागा आहे की नाही. पण तो आवाज मेलेल्या माणसाला उठवील असा होता. मी नातीला विचारलं, तुला येतोय का गं?

ती म्हणाली, "येतोय, आजी. पहिल्या दिवसापासून येतोय. चौघांनाही येतोय. पण आजोबा नाही म्हणाले, मग त्यांच्या तोंडावर कोण म्हणणार, की तुम्हालाच ऐकू येत नाही?"

बघा हं, चार धडधाकट माणसं, आठ चांगले कान, आणि आदरापायी सगळेच्या सगळे बहिरे झाले. मीही त्यातलीच. घरातला पंखा कुरकुरतो म्हटलं की हे म्हणायचे, कुठे कुरकुरतो? आणि मी गप्प बसायचे. वर्ष दीड वर्ष गप्प बसले मी.

त्या दिवशी गाडीतून उतरले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. अहो, गाडीत आवाज आहे. तुम्हाला ऐकू येत नाही.

हातातलं फडकं ठेवून हे एका टायरवर बसले. मग म्हणाले, ज्याला आवाज कळत नाही तो मिस्त्री कसला? ठिणगी, उद्यापासून तूच बघ गॅरेज. मी येत नाही. बेचाळीस वर्षं गाड्या बऱ्या केलेला माणूस असा टायरवरून उठून मान खाली घालून घरी जाणार होता. मला वाटलं, काय करून बसले मी.

ठिणगी जागची हलली नाही. ती म्हणाली, "आवाज मी ऐकते. तो कुठून येतोय ते तुम्ही दाखवा. मला अजून तेवढं येत नाही."

मग हे उठले. गाडी जागच्या जागी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढवायला लावला. ठिणगी म्हणाली, येतोय. म्हणजे चाकांचा दोष नाही, हे म्हणाले, इंजिनाकडे बघ. इंजिनावरचा रबरी पट्टा काढून इंजिन मिनिटभर चालवलं. ती म्हणाली, गेला. म्हणजे पट्टा ज्याला फिरवतो, त्यातलंच कुणीतरी रडतंय. पट्टा परत चढवला, आणि ह्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक इंजिनाच्या एकेका भागाच्या अंगाला टेकवायचं, आणि मूठ कानाला नाही हो, दातांत धरायची. पहिल्या जागी काही नाही. दुसऱ्या जागी काही नाही. अल्टरनेटरला टेकवला, म्हणजे बॅटरी भरणारं ते गोल यंत्र असतं ना, त्याला, आणि ह्यांचे डोळेच मोठे झाले. कान गेले, पण दातांनी बरोबर पकडलं. आतलं बेअरिंग गेलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर बाई रस्त्यातच अडकल्या असत्या.

नवीन बेअरिंग ठिणगीने बसवलं. गाडी सुरू झाली, पाय दाबला. हे गाडीकडे बघतच नव्हते, आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. बाई हसल्या, तेव्हा ह्यांना कळलं.

पुढच्याच आठवड्यात कान तपासून घेतले आणि हे गॅरेजात गेले, ते कानाला यंत्र लावून. आणि कारागिरांना एक नियम घालून दिला, की मी नाही म्हटलं आणि तुम्हाला आहे वाटलं, तर आधी तोंड उघडायचं. त्यानंतर वर्षभर त्या गॅरेजात जेवढी भांडणं झाली, तेवढी आमच्या अख्ख्या संसारात झाली नाहीत. गाड्या मात्र एका फेरीत बऱ्या होऊन जायला लागल्या. आज हे आपणहून निवृत्त होतायत आणि ठिणगी गॅरेज सांभाळणार आहे.

सकाळी ह्यांनी विचारलं, माझ्याबद्दल काय बोलणार आहेस? मी म्हटलं, बहिरे झालात ते सांगणार. मला वाटलं, रागावतील.

म्हणाले, "तेच सांग. दुसऱ्या एखाद्या गॅरेजात एखादा मिस्त्री असाच नाही नाही म्हणत बसला असेल. त्याच्या माणसांना जरा धीर येईल."

तर मागे भिंतीला टेकलेल्या पोरांनो, ऐकलंत ना?

संघटनेचे, नर्सबाईंचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. कुणाला मान द्यायचा राहिला असेल, बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या. आणि नसेल घेववत, तर आत्ताच तोंडावर सांगा. मनात ठेवू नका.