नव्या चाकूवरचे डाग

अकलूजहून निघालेली एसटी सोलापूरजवळ आली, तरी झीनतच्या पुढच्या सीटवर म्हातारा-म्हातारीचं घडीच्या एका नव्या चाकूवरून चाललंच होतं.

"आट दिस न्हाय झालं घिऊन, आन पात्यावर ह्ये काळं डाग! आज त्या सोलापूरच्या दुकानदाराला सोडतच न्हाय."

"काय चिरलं हुतं त्या चाकूनं?"

"एक काकडी! चिरली, पातं पुसलं आन ठिवला खिशात."

"धोतराला पुसला असंल. म्हणून काळा पडला."

"तुला चेष्टा सुचतीया. राखंनं घासलं, गोडंतेल चोळलं, डाग काय हलंना. बदलूनच घेतो."

"लग्नात तुमी बी काळंच निघाला की. मी गेले का बदलून घ्यायला?"

"गप बस. स्टँड आलं. आता बघ कसा भांडतो त्याच्याशी."

"अवो, त्याच्याशी नका भांडू."

"का?"

"देवाचा तांब्या चिंचंनं उजळत हुते. म्हणलं, ह्यो बी लखलखंल. दिसभर चिंचंच्या कोळात बुडवून ठिवला."

"आन तीन तास माझं ऐकत बसलीस? घरीच का न्हाय सांगितलंस?"

"घरी सांगितलं असतं, तर मला सोलापूरला आणलं असतं व्हय?"

पुढून चाकू मिटल्याचा टक् आवाज झीनतला ऐकू आला.

"सोजरे."

"आं?"

"घरात अडकित्ता बी हाय की. पुढल्या महिन्यात त्यो घाल चिंचंत."