बसलेला माणूस

नाही गं, किंकाळी नव्हती. किंकाळीचं लोक उगाच सांगतात. आवाज झाला तो तारेचा — टण्ण — एकच, ताटावर पळी आपटावी तसा, आणि मग खाणीत उतरायचा पिंजरा खाली गेला तेव्हा काहीच नाही. वीस वर्षं झाली, अजून शेजारी भांडं पडलं तरी माझा हात कानाकडं जातो. बस ना, उभी किती राहशील.

तुझा कागद मला वाचता येत नाही, पण काय लिहिलंय ते ठाऊक आहे. तुझे वडील निष्काळजी नव्हते, तार झिजलेली होती आणि मी ती पाहिली होती — हेच ना? आणि तुझ्या आईला डोळे मिटायच्या आधी हे ऐकायचंय. देतो अंगठा. देतो म्हटलं ना! पण आधी ऐक, नाहीतर मला खोटारडा समजशील. चौकशीला आलेल्या साहेबांना मी सांगितलं, मी त्याला सावध केलं होतं. तेव्हा खाणीच्या वर असलेल्या आमच्या बाराही जणांनी शपथेवर तेच सांगितलं. आणि केलंच होतं की!

कसं म्हणजे? बसलो होतो. खाणीच्या तोंडाशी, मातीवर, मांडी घालून. आम्हा डोंगराकडच्यांत वाईट तोंडानं बोलत नाहीत. उतरणाऱ्याला ‘पडशील’ म्हणणं म्हणजे त्याला ढकलणंच — माझी आई तर ‘जपून जा’सुद्धा म्हणायची नाही. धोका दिसला की आम्ही बसतो. बसलेल्याला ओलांडून कुणी पुढं जात नाही, काही न विचारता माघारी फिरतो. आणि तुम्ही नदीकडची माणसं — तुमच्यात जे बोललं नाही ते नाहीच. तुझ्या वडिलांना आम्ही धोपट म्हणायचो, माहितेय? मुकादमाला तोंडावर म्हणाला होता, ‘तुमच्या तोंडाला वास येतो, दात दाखवून घ्या.’ आमच्या माना खाली. मुकादम गेल्यावर पोट धरधरून हसलो, आणि याला कळेना, यात हसण्यासारखं काय — तो बिचारा भलंच करत होता त्याचं.

तर तो आला. डबा खुंटीला लावला. म्हणाला, ‘काय काका, सकाळीच दमलात?’ आणि माझ्या गुडघ्याला वळसा घालून पिंजऱ्यात शिरला.

नाही, तेवढंच नाही. अशी बघू नकोस. जाळी ओढता ओढता थांबला तो. ‘काका, काही झालंय का? सरळ सांगा.’ सरळ विचारलं गं त्यानं. आणि मी म्हणालो, ‘कुठं काय, पाय दुखतोय.’ जीभ उचललीच नाही — चार पिढ्यांनी दाबून धरली होती ती. साहेबांना हे नाही सांगितलं, त्यांनी विचारलं नाही. आमच्या लोकांत आजही पहिली खुर्ची मला देतात. तुमच्यात मी कोण ठरतो, ते बोलू नकोस. कळतं मला.

आण ती शाई. हं. झालं. आता बस जरा. तुझा भाऊ लागला ना खाणीत, सोमवारपासून? वडिलांवर गेलाय अगदी, मला म्हणाला, ‘आजोबा, सदरा उलटा घातलाय.’ होताच उलटा. दुपारची पाळी ना त्याची? सहज विचारतो. आमच्या बसण्याचं त्याला कुणी सांगितलंय का? नाही? हं. पिंजरा वर-खाली करणारा, चाकावरचा माणूस अजून आमच्यातलाच आहे. सकाळी तिकडून आलो मी, ऊन बरं होतं आज — तो खाणीच्या तोंडाशी, मातीवर होता. मांडी घालून. दमला असेल, मी काय म्हणतो, दमलाही असेल माणूस —

कुठं निघालीस? अगं पोरी — चप्पल तरी घाल पायात —