खांद्यांवरून ओळखणारा माणूस

वडील : तुझ्या विद्यापीठाच्या त्या समितीतल्या लोकांना मोजता येतं, वाचता येत नाही. लिही असं त्यांना!

मुलगी : बाबा, असं लिहिलं तर आहे तीही नोकरी जाईल.

वडील : तशीही जातेच आहे ना? काय म्हणाले, परत सांग.

मुलगी : माझ्या बाकीच्या शोधनिबंधांना कुणी विचारत नाही म्हणाले. मेंदूवर कुणीही लिहायला बसलं की माझ्या एकाच निबंधाचा दाखला देतं. तुमच्यावरच्या.

वडील : म्हणजे नाव माझं गाजलं आणि पगार तू खातेस.

मुलगी : वाटा हवाय का?

वडील : वाटा नको, दुरुस्ती हवी. 'निवृत्त शिंपी' लिहिलंयस. अगं, मी सूट शिवायचो. उशांचे अभ्रे नाही!

मुलगी : मेंदूला काय फरक पडतो त्यानं?

वडील : मेंदूलाच पडतो! डोक्यात गुठळी झाली, चेहरे पुसले गेले. आरशातला म्हातारा कोण, तेही कळेना. पण दारात जुनं गिऱ्हाईक उभं राहिलं की नुसता खांद्याचा उतार बघून नाव सांगायचो. अभ्रेवाल्याला जमलं असतं?

मुलगी : तेच तर निबंधात आहे. माझ्या मार्गदर्शक सरांनी तुम्हाला तपासलं, मी लिहिलं. म्हणून तर सगळे दाखला देतात.

वडील : तुझे खांदे तेवढे राहून गेले. तुझे फ्रॉक तुझी आई शिवायची. मला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, पोरीला कोटात कोंबाल.

मुलगी : म्हणून तर मी जिन्यातूनच ओरडत येते, 'बाबा, मी आलेय!'

वडील : शेजाऱ्यांना वाटतं, बाप ठार बहिरा आहे. बरं, समितीला पाहिजे तरी काय?

मुलगी : पुढचा भाग. त्याच माणसाचं आता कसं चाललंय, ते. तो छापून आला तर मला कायम करतील. नाहीतर वर्षअखेरीला गाशा गुंडाळायचा.

वडील : मग लिही की! अडलंय कुठे?

मुलगी : नवीन काही नाही लिहिण्यासारखं.

वडील : खोटं बोलताना तुझा आवाज नाकात जातो. काल वकीलसाहेब आले होते. लग्नापासूनचे त्यांचे सगळे कोट मी शिवलेत. पुढ्यात येऊन उभे राहिले आणि मी विचारलं, 'कोण हवंय आपल्याला?' तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस. पाहिलंस.

मुलगी : पाहिलं.

वडील : खांदेही चाललेत.

मुलगी : मला ते नाही लिहायचं, बाबा. तुमचं एकेक जाणार, लोक त्याचे दाखले देणार आणि माझा आकडा फुगणार. असली नोकरी माझ्या घशाखाली उतरायची नाही.

वडील : तू लिहिलं नाहीस म्हणून ते थांबणार आहे का? मी उभ्या जन्मात कापडाची चिंधी वाया घालवली नाही, आणि हे एवढं सगळं फुकट जाऊ देऊ? उद्या सरांना बोलाव. काय तपासायचं ते तपासू देत. पण लिहायचं तू. दुसऱ्या कुणी माझ्यावर लिहिलेलं मला चालणार नाही.

(मुलगी गप्प राहते.)

वडील : लिहिणार की नाही? बोल ना गं. अशी गप्प बसलीस की समोर कोण बसलंय, मला कळत नाही.