खांबावरची रेघ

…मग? चाकं बॅलन्स करून आणली, शाफ्टाच्या दोन्ही टोकांचे क्रॉस-सांधे नवे टाकले, तरी पन्नासच्या पुढं गेली की बूड थरथरतंच ना? अमरसिंहदादा, जीप घेतली माझ्याकडून अन् दाखवत हिंडलात गावभर — दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. — त्या खांबाला नका टेकू. इकडं सरका. हां. — आता वाका जरा, दावतो. हा कोनमापक, शाळेतल्या पोरांचाच, मधी दोरा अन् नट बांधलाय. गेरबॉक्साच्या तोंडाला लावला — बघा, दोरा कुठं उभा राहिला. आता मागं, चाकांच्या आसाच्या हाऊसिंगला — बघा, निराळाच. ही दोन तोंडं एका कलात पाहिजेत, म्हंजे पुढचा क्रॉस जेवढा झटका देतो तेवढा मागचा खाऊन टाकतो. इथं कल जुळंना. कावून? स्प्रिंगचे पाटे ठोकून सपाट केलेत, गाडी खाली बसली अन् हाऊसिंग वर सरकलं.

कोणी केलं म्हंजे? म्याच. शौक न्हाई हो, ह्या वयात कसला शौक. बायको माझी, दीपमाला — तिचं खुब्याचं हाड मोडलतं. चढायला पाय उचलंना, अन् बाई अशी ताठ, माझा हात धरायची न्हाई — म्हणायची, उचलून ठिवायला मी काय पोतं हाय का? मग तिला त्या खांबापाशी उभी केली, म्हणलं, उचलंल तेवढा उचल. तिथं खडूनं रेघ मारली. फूटबोर्ड त्या रेघंला येईस्तोवर पाटे ठोकत बसलो. अन् बसली की ती — आपली आपण, पदर सावरून, राणीवानी. कल बिघडला ते तवाच कळलतं मला. पण ती बाजूला असल्यावर तिशीच्या पुढं कोण पळवतंय? तिशीत ही थरथरतच न्हाई.

एकदाच थरथरली. आंबाजोगाईच्या दवाखान्यात नेताना. म्या दाबली, तर सीट, काच, सगळं हालाया लागलं. ती म्हणली, हळू घ्या, मी कुठं पळून चाललेय. म्या हळू घेतली. ऐकलं तिचं. वाटंत आडस गाव मागं पडलं अन् — ती बाजूची सीट बघवंना, म्हणून तर विकली तुमाला. लई आठवण येती हो. लई.

तुमचं बरोबर हाय. शेताच्या वाटंला खालून घासती, तुमाला उंचच पाहिजे. कमानीचे पाटे टाकले की गाडी उठंल, दोन्ही तोंडं जाग्यावर येतील, थरथर बंद. सोपं काम हाय. आणा तो पाना — न्हाई. ठिवा. खाली ठिवा तो. बंकट मिस्त्रीकडं न्या. त्याला म्हणावं, पाटे तेवढे बदल. हात चांगला हाय त्याचा. माझ्याच्यानं ही गाडी त्या रेघंच्या वर न्हाई उचलायची.

बघत काय राहिलात? जावा आता. अन् बंकटच्या दारापर्यंत तिशीतच न्या.