दोन-दोन कॉपी

...आणि वर म्हणतो कसा, "काळजी करू नकोस, दोन कॉपी काढल्यात!" दोन! एक नाही, दोन! आता तुम्हाला सांगतो, प्रकाश माणूस वाईट नाही हो. दुबईत रास अल खोरला एका गोडाऊनच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो, आणि अकाउंट्सवाल्याला एका कागदावर झोप लागत नाही. पासपोर्टच्या दोन कॉपी, व्हिसाच्या दोन कॉपी, लाइट बिलाच्यासुद्धा दोन कॉपी! लग्नात अंतरपाट एकच होता, त्याची रुखरुख त्याला अजून आहे.

तर त्याचा कॉम्प्युटर. बर दुबईच्या फ्लॅटमध्ये तो आला तेव्हा दसऱ्याला त्याची रीतसर पूजा झाली होती, हळद-कुंकू, झेंडूचं फूल, सगळं. त्यातल्या अक्षता अजून कीबोर्डात आहेत, स्पेसबार दाबला की कचकन वाजतं. आणि आता डबडं म्हातारं झालं, तर आतून आवाज यायला लागला. टक्... टक्... पाल चुकचुकावी तसा. प्रकाश म्हणे, अक्षता असेल. महिनाभर तेच. "अगं, अक्षता असेल!"

शेवटी बंदच पडायला लागला तेव्हा अजीजभाईंना बोलावलं. अजीजभाई दापोलीचे, मीना बाजारच्या मागे त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यांनी डब्याला कान लावला, डॉक्टरासारखी मान हलवली आणि म्हणाले, "प्रकाशभाय, ही अक्षता नाय. हार्ड डिस्क चाललीय. आज हाय, उद्या नाय. काय काढून घ्यायचा तो घे, यल्ला, चल लवकर!"

प्रमिलेचा, म्हणजे प्रकाशच्या बायकोचा, चेहरा पांढराफटक! कारण काय, की त्या डब्यात तिचं माहेर, तिचं पेण होतं. दर शुक्रवारी जेवणं उरकली, अख्खी बिल्डिंग घोरायला लागली, की ही बाई एकेक बोटाने मराठी टाइप करत बसायची. बाबा गणपतीच्या मूर्तींचे डोळे कसे रेखायचे, तेव्हा घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही ते, शाडूच्या मातीचा वास... सगळं लेकीसाठी, शुभ्रासाठी. तिला कळू दे आपली आई कुठून आली. एक पान छापलं नव्हतं हो! का? तर म्हणे, पूर्ण झालं की एकदमच छापू.

मग शुक्रवारी प्रकाश बसला. एसी फुल्ल, डब्याचं झाकण उघडं, वर टेबलफॅन सोडलेला, डिस्क तापू नये म्हणून. बाहेर दुबईचा जून आणि आत नवरा-बायको शाली पांघरून! कॉम्प्युटर म्हणतो, तेरा मिनिटं राहिली. मग म्हणतो, दोन तास. मग परत चार मिनिटं.

"अहो, माझं आलं का?"

"येतंय."

"अहो, टक् वाजलं!"

"तू देवापाशी बस बघू!"

एकेक फोल्डर सीडीवर चाललंय, घामाच्या धारा लागल्यात, एवढ्या थंडीत! आणि मध्येच विंडोजचं फोल्डर आलं. प्रकाश स्वतःशीच म्हणाला, हे कशाला? नव्या कॉम्प्युटरवर विंडोज असतंच की! उगाच ओझं. आणि सोडून दिलं. अकाउंट्सवाल्याच्या मते बरोबरच होतं ते.

दुसरी सीडी बाहेर आली, आणि डिस्क एकदा टक् म्हणाली आणि गेली. कायमची. प्रकाशने वर्ल्डकप धरावा तशा दोन्ही सीड्या डोक्यावर धरल्या. "दोन कॉपी! खलास!" एक कपाटात गेली, एक अजीजभाईंच्या दुकानात, न जाणो घराला आग लागली तर! त्या दिवशी प्रमिलेने शिरा केला. दोन वाट्या वाढल्या त्याला.

नवा कॉम्प्युटर आला. सीडी घातली. फाइल उघडली. आणि काय सांगू तुम्हाला... यूच्या डोक्यावर दोन टिंबं, पाउंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह, मग परत यू. पानंच्या पानं! प्रकाश तसाच धावला, दुकानातली कॉपी आणली. ती घातली. अक्षर न् अक्षर तेच! म्हणजे कॉपी उत्तमच झाली होती, त्यात वाद नाही.

अजीजभाई म्हणाले, "फॉन्ट कुठाय?"

"कुठला फॉन्ट?"

"मराठीचा! तो विंडोजच्या फोल्डरात असतो. तो नाय, तर मराठी कशी दिसणार?"

आता तो फॉन्ट आलेला अबुधाबीच्या मराठी मंडळातल्या एकाकडून, फ्लॉपीवर. तो माणूस गेला कॅनडाला, फ्लॉपी गेली कचऱ्यात, आणि फॉन्टचं नाव काय, तर दोघंही सांगतात, "मराठी फॉन्ट"! अजीजभाईंनी त्यांच्याकडचा दुसराच मराठी फॉन्ट टाकला. अक्षरं मराठी झाली खरी. पहिली ओळ आली, "ठक्षी ळझष्ट पेंढऋ." प्रकाश म्हणतो, "जवळपास आलं की!"

प्रमिला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं प्रकाशलाच वाटलं. ती नुसती खुर्चीत बसून म्हणाली, "अहो, बाबांवरचं पहिलं वाक्य मला आता आठवत नाही." दोन कॉपी आहेत, असं म्हणायला प्रकाशने तोंड उघडलं आणि मिटलं.

तेवढ्यात शुभ्रा आली, कॉर्नफ्लेक्सचा बाऊल घेऊन. स्क्रीनवर वाकून बघितलं.

"व्हॉट हॅपन्ड?"

"अगं, आईने लिहिलेलं सगळं असं झालं."

पोरीने नीट बघितलं आणि म्हणाली, "बट आई, इट ऑल्वेज लुक्ड लाइक दिस टु मी."

अकरा वर्षांची मुलगी, इंग्लिश शाळा, अरबीसुद्धा उजवीकडून डावीकडे धडाधड वाचते... मराठी वाचायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं! जिच्यासाठी पाच वर्षं लिहिलं, तिला ते पहिल्यापासूनच यू आणि टिंबं! प्रमिला हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग तिने पोरीला हात धरून शेजारी बसवलं. "ठेव तो बाऊल. ऐक. पेणला आमच्या घरी गणपतीचे डोळे रेखायचा दिवस असायचा ना..."

आणि पोरगी ऐकायला लागली हो! वर विचारते, "अँड देन?"

आणि प्रकाश? तो कपाट उपसून टेपरेकॉर्डर घेऊन आला. मग चपला न घालताच बाहेर पळाला, शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवली आणि आणखी एक घेऊन आला. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही बटणं एकदम दाबली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "तुझं चालू दे गं. दोन कॉपी निघतायत."

ती बाई अजून सांगतेच आहे, दर शुक्रवारी. आणि तो दुसरा टेपरेकॉर्डर आमचा. आता तुम्हीच सांगा, परत मागायचा कसा?