उघड्या पोत्यातलं मीठ

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सिस्टर, आणि पंख्याखालच्या खुर्च्या धरायला तासभर आधी आलेल्या माझ्या शेजारणींनो,

मी किराणा दुकानवाली. मला भाव सांगता येतात, भाषण येत नाही. तरी आज माइक मीच मागून घेतला.

पाच वर्षांपूर्वी या सिस्टर दुकानात आल्या, उघड्या पोत्यातलं चिमूटभर मीठ बशीत घेतलं आणि त्यावर बाटलीतला एक थेंब टाकला. मीठ पांढरंच राहिलं.

"आयोडीन असतं तर जांभळं झालं असतं," गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या. "पोटुशी बाईला ते मिळालं नाही, तर बाळाच्या मेंदूची वाढ अडते."

राग येणार नाही तर काय? मी म्हटलं, "सिस्टर, खारट आहे ना? मग झालं." आमच्या घरातही तेच मीठ होतं.

त्यांचं लक्ष आतल्या खोलीत गेलं. माझी सून, चौथा महिना, भिंतीला टेकून बसलेली.

"आळशी आहे," मी आपणहून सांगितलं. "बसल्या जागी झोपते."

"आणि एवढ्या उकाड्यात शाल?" सिस्टरांनी तिच्या गळ्यावरून हलकेच बोटं फिरवली. "उद्या दवाखान्यात आणा. रक्त तपासू."

मी नेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच येऊन तिला घेऊन गेल्या. थायरॉईडचं काम फार मंदावलेलं निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. मग काय, रोज कामावर जाताना सिस्टरांची रस्त्यावरूनच हाक, "गोळी झाली का?" सगळ्या गल्लीला आमच्या गोळीची वेळ पाठ झाली.

दीड महिन्यात सुनेने शाल घडी करून ठेवली आणि ती मला उलट उत्तरं द्यायला लागली. तेव्हा पटलं, औषध लागू पडलं. मी मिठाचं पोतं काढून टाकलं, आयोडीनची बंद पाकिटं ठेवली. मागच्या रांगेतून मघापासून जी बडबड ऐकू येतेय, ती माझी नात.

सूनबाई, तू आजारी होतीस आणि मी तुला आळशी म्हणत राहिले. घरात हे बोलायला पाच वर्षं जीभ रेटली नाही, म्हणून इथे बोलते. माझं चुकलं.

आयोजकांचे आणि ऐकून घेणाऱ्या सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. सिस्टर, तुम्ही मात्र घालू नका. दुकानात या आणि तोंडावर सांगा.